विषारी साप कसा पाळावा: जालना जिल्ह्यातील होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

शेळीपालनावर पुस्तकं निघाली, कुक्कुटपालनावर निघाली, आणि जालन्याला रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून तुतीच्या लागवडीचीही गावोगाव चर्चा असते. सर्पपालनाकडे मात्र अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. खरं तर जिल्ह्यात या जोडधंद्याला कमी काय आहे? अंबड-घनसावंगीकडचा ऊस, बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागा, परतूर-मंठ्याची कापूस-सोयाबीनची वावरं, भोकरदन-जाफराबादच्या आखाड्यांवर रचलेल्या कडब्याच्या गंज्या, आणि खुद्द जालन्यात सळयांच्या कारखान्यांमागे पडलेलं भंगार. जिथे उंदीर तिथे साप, आणि उंदरांच्या बाबतीत आपला जिल्हा कधीच मागास नव्हता. भांडवल नको, शेड नको, अनुदानासाठी पंचायत समितीचे खेटे नकोत. शिवाय गळ्यात नाग घालून काढलेल्या रीलला जेवढे लाइक पडतात, तेवढे मोसंबीच्या बागेला काही पडत नाहीत.

हौस आहे, साप आहे, मोबाइल आहे. राहता राहिला कायदा. कोणता साप कायद्यात बसतो एवढं एकदा कळलं की झालं, असं होतकरूंचं म्हणणं असतं. त्यांच्यासाठीच ही मार्गदर्शिका. पायऱ्या क्रमाने चढाव्यात. मधली गाळून थेट बिळात हात घालणाऱ्यांनी निदान सातवी पायरी आधी वाचावी.

पायरी पहिली: साप निवडा

माणसाचा जीव घेणारे आपल्याकडचे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नवशिका पहिल्यांदा विचारतो, यातला कमी विषारी कोणता? प्रश्नच चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये विष मोजायची सोय नाही. चावल्यावर माणूस किती वेळात जातो, याच्याशी या कायद्याला देणंघेणं नाही. त्याला सापाचं नाव लागतं. ते नाव कोणत्या अनुसूचीत आहे ते पाहिलं की पुढचं सगळं ठरतं: शिक्षा किती, जामीन कसा, आणि फाइल मुंबईला जाणार की दिल्लीला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतरचं दरपत्रक असं:

१. नाग, घोणस: अनुसूची एक. कैद कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि वर किमान २५ हजार रुपये दंड. कैद की दंड, असा पर्याय नाही. दोन्ही एकत्रच मिळतात.

२. मण्यार, फुरसं: अनुसूची दोन. ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

३. धामण, बिनविषारी: अनुसूची एक. नागाच्याच भावात.

दरपत्रक नीट वाचा. चौघांत सर्वांत जहाल विष मण्यारीचं, आणि तिची शिक्षा सौम्य. ज्या धामणीला विषाचा दात नाही, जी शेतकऱ्याचे उंदीर खाऊन जगते, तिला घरात कोंडलंत तर मात्र तीन वर्षं ठरलेलीच. अनुसूची दोनच्या गुन्ह्यात तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटण्याची वाट तरी असते. अनुसूची एकमध्ये तीही बंद, कारण जिथे किमान कैद ठरवून दिलेली आहे तिथे तडजोड करता येत नाही, असं कलम ५४ म्हणतं. तेव्हा साप निवडताना रंग, लांबी, फण्याची रुंदी पाहत बसू नका. आपण किती वर्षांची मोकळीक काढू शकतो ते पाहा.

मादी घोणस निवडणाऱ्यांना एक जादा सूचना. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि एका वेळी वीस-तीस सहज. पिल्लू जन्मल्या क्षणापासून विषारी असतं, आणि जन्मल्या क्षणापासूनच अनुसूची एकमध्येही असतं. सकाळी एका गुन्ह्याचे मालक म्हणून उठलेले तुम्ही संध्याकाळी किती गुन्ह्यांचे मालक व्हाल, ते बादलीत डोकावून मोजावं लागेल.

पायरी दुसरी: नाव पक्कं करा

सगळं नावावर असल्यामुळे ओळख चुकता कामा नये. सरावासाठी एक प्रसंग घेऊ. रात्रीचे अकरा. आखाड्यावर बाजेखाली काळा, चकचकीत साप, अंगावर पांढरे पट्टे. मण्यार की कवड्या?

मण्यारीचे पट्टे बारीक असतात, बहुतेक जोडीजोडीने. डोक्यामागे थोडं अंतर सोडून ते सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात रुंद आणि स्पष्ट असतात, शेपटीकडे पुसट होतात. कवड्याचा रंग काळ्यापेक्षा तपकिरीकडे झुकतो आणि तो भिंतीवर सराईतपणे चढतो. एवढ्यावर समाधान झालं नाही तर खात्रीची खूण आहे: मण्यारीच्या पाठीच्या मधोमध जाणारी खवल्यांची ओळ बाकीच्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी असते. मोबाइलच्या टॉर्चमध्ये हे षटकोन नीट दिसावेत एवढ्या अंतरावर आपण असलो, तर आपणही मण्यारीच्या टप्प्यात असतो.

दुसरी जोडी घोणस आणि डुरक्या घोणस. घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या, डोकं त्रिकोणी, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फूत्कार. डुरक्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग आणि शेपूट आखूड, निमुळतं. विष अजिबात नाही. गावात डुरक्याला घोणस समजून काठीने ठेचतात, आणि घोणशीला अजगराचं पिल्लू समजून कौतुकाने उचलतात. दोन्ही वेळा नाव चुकलेलं असतं. पहिल्यात साप मरतो, दुसऱ्यात माणूस. फुरसं त्यामानाने सोपं. लांबी हातभर, डोक्यावर बाणाची खूण, आणि गुंडाळी करून खवले एकमेकांवर घासत केलेली खरखर. ती ऐकू आली की जिथे आहात तिथून मागे सरका.

"मला वाटलं कवड्या आहे, निघाली मण्यार" हा बचाव इथेच वहीत लिहून ठेवा आणि त्यावर काट मारा. कायद्याच्या लेखी दोन्ही वन्यप्राणीच. आणि खरं नाव काय, हे तुम्ही ठरवायचं नाही. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची लॅकोन्स प्रयोगशाळा नुसत्या कातडीच्या तुकड्याच्या डीएनएवरूनही जात ओळखतात.

पायरी तिसरी: यादी अशी का, ते समजून घ्या

या दुरुस्तीआधी कायद्यात सहा अनुसूच्या होत्या. सापांची वाटणी वाचली की शाळेतल्या तुकड्या आठवतात: कोण कुठे आणि का, याचा हुशारीशी संबंध नसे. पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला अजगर आणि त्याच्याबरोबर भारतीय अंडीखाऊ साप. दुसरीच्या दुसऱ्या भागात नाग, नागराज, घोणस, धामण, दिवड आणि आणखी दोन पाणसाप. मण्यार, फुरसं, कवड्या, मांडूळ, गवत्या अशी उरलेली सगळी जनता चौथीत.

यातला अंडीखाऊ पाहा. तोंडात दात नावाला, खाणं पक्ष्यांची अंडी, माणसाला चावून इजा करण्याची ऐपत नाही. इतका दुर्मीळ की महाराष्ट्रातली त्याची पहिली नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली, तीही वर्ध्याकडून. अभ्यासकांनी पुढे त्याला त्याच्या एकट्याच्या घरातून काढून मांजऱ्या सापांच्या गटात नेऊन बसवलं. हा निरुपद्रवी प्राणी पहिल्या अनुसूचीत, आणि झोपेत माणसाला मारणारी मण्यार चौथीत.

धामण आणि दिवड वर कशा गेल्या, याचं उत्तर विषात शोधू नका, पर्समध्ये शोधा. सापाच्या कातड्यांचा परदेशी व्यापार त्या काळी जोरात होता. धामणीचं कातडं लांब-रुंद, तिच्या पर्स आणि पट्टे सुंदर होतात. १९७६ साली कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. ज्याच्या कातड्याला गिऱ्हाईक, त्याला संरक्षण जास्त. मण्यारीची पर्स कुणी मागितली नाही, म्हणून ती खाली राहिली. कायदा माणसाला सापापासून वाचवण्यासाठी झालेला नाही. तो सापाला माणसापासून वाचवण्यासाठी झाला, आणि कोणत्या सापाच्या मागे माणूस किती लागला आहे, त्यावरून यादी ठरली. हे एकदा डोक्यात शिरलं की यादीतला वेडेपणा बराच कमी होतो.

२०२२ च्या दुरुस्तीने सहाच्या चार अनुसूच्या झाल्या. पहिल्या दोन आपल्या वन्यप्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जिवांची. जुन्या पाचव्या अनुसूचीत 'उपद्रवी' म्हणून उंदीर आणि कावळे होते, ती अनुसूची गेली. म्हणजे या संपूर्ण नाट्यात पाळायला कायद्याने मोकळा असा एकच प्राणी आहे, तो म्हणजे सापाचं जेवण.

पायरी चौथी: पळवाट शोधा

प्रत्येक होतकरूच्या ओळखीत एक वकील किंवा वकिली बोलणारा मेहुणा असतो. तो विचारतो, "यादीत जे नाव आहे, ते बदललं तर?" मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून त्याची दखल घेऊ.

सापांची नावं खरोखरच बदलतात. नागराज १८३६ पासून एकच जात मानला जात होता. २०२४ मध्ये गौरी शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या चार जाती केल्या. पश्चिम घाटातला नागराज झाला ऑफिओफॅगस कालिंगा. आणि २०२२ च्या यादीत नाव आहे ऑफिओफॅगस हॅना. मेहुणा इथे मांडी थोपटतो: "हा हॅना नाहीच, हा कालिंगा!" युक्तिवाद करायला हरकत नाही. यादी झाली तेव्हा हॅना या नावात पश्चिम घाटातला नागराजही धरलेला होता, हे सरकारी वकील सांगेलच. तोवर तुम्ही कोठडीत असाल, कारण अनुसूची एकचा गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि या कायद्याखाली आधी शिक्षा झालेली असेल तर जामिनाच्या अटी कलम ५१अ ने मुद्दाम आणखी कडक केल्या आहेत. शिवाय नागराज जालन्यात मिळत नाही. तळकोकण, गोवा आणि खालचा घाट गाठावा लागतो. प्रवासखर्च वेगळा.

नागाच्या बाबतीत मेहुण्याला फारसं काम नाही. जुन्या यादीत 'नाजा' या वंशातले सगळे नाग एका ओळीत उचलले होते. पुढे शास्त्रज्ञांनी एका नागाचे अनेक नाग केले तरी ओळ सगळ्यांना पुरून उरली.

दुसरी पळवाट परदेशी. "आपल्या यादीत नसलेला साप बाहेरून आणला तर?" हा प्रयोग मुंबईत होऊन गेला आहे. २०२५ च्या जूनच्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात विमानतळावरच्या कस्टम्सला ४७ विषारी साप आणि ५ कासवं सापडली. त्यांत इराणकडच्या कोळीशेपट्या घोणशी होत्या तीन. या सापाच्या शेपटीचं टोक हुबेहूब कोळ्यासारखं असतं. ते हलवून तो पक्ष्यांना गळाला लावतो. त्याचा एक नमुना १९६८ साली गोळा होऊन शिकागोच्या संग्रहालयात पडून होता. शेपटीला गाठ आलेला साधाच साप असावा, अशी समजूत. स्वतंत्र जात म्हणून त्याला २००६ साली नाव मिळालं. नाव नवीन असो की जुनं, कस्टम्सचा अधिकारी बॅग उघडतो ती नाव विचारून नाही.

कायदेशीर परदेशी साप मिळतात, नाही असं नाही. बॉल पायथनसारखा साप चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. पुढे पिल्लं झाली, विकला, मेला, सगळं कळवावं लागतं. पण हा अजगराच्या घरातला, बिनविषारी, घाबरला की चेंडू होऊन बसणारा. आपल्या होतकरूला त्यात गंमत वाटणार नाही.

पायरी पाचवी: रीतसर अर्ज करा

पळवाट नसेल तर सरळ वाट. अर्जाचा नमुना देत आहोत.

प्रति,
मा. मुख्य वन्यजीव रक्षक,
महाराष्ट्र राज्य, नागपूर.

विषय: घोणस पाळण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा जालना जिल्ह्याचा कायमचा रहिवासी असून अल्पभूधारक शेतकरी आहे. अर्जदाराच्या मालकीच्या विहिरीच्या मोटारीच्या खोलीत सदर घोणस मागील पावसाळ्यापासून वास्तव्यास असून तिचे वर्तन समाधानकारक आहे. सदर घोणशीने आजतागायत अर्जदाराचे कुटुंबास चावा घेतलेला नाही. करिता सदर घोणस अर्जदाराचे नावे करून मिळावी, ही नम्र विनंती.

सोबत: १) सातबारा व आठ-अ उतारा २) आधार कार्डाची छायांकित प्रत ३) सापाचे पासपोर्ट आकाराचे फोटो, दोन प्रती (फण्याशिवाय) ४) शेजाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र.

आपला विश्वासू,
(अर्जदार)

अर्ज पाठवण्याआधी कलम १२ वाचा. मुख्य वन्यजीव रक्षकांना परवाना देता येतो, पण कशासाठी ते तिथे मोजून लिहिलं आहे: शिक्षण, शास्त्रीय संशोधन, शास्त्रीय व्यवस्थापन, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयं आणि वस्तुसंग्रहालयं, आणि जीवरक्षक औषधांसाठी सापाचं विष काढणं. परळच्या हाफकिनसारख्या संस्था आणि चेन्नईजवळची इरुळा लोकांची सहकारी संस्था या शेवटच्या वाटेने साप ठेवतात. तिथे विष काढतात, घोड्यांना ते थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरची लस बनते. 'हौस' हा शब्द त्या कलमात कुठेही नाही. तुमचं कारण बसत असेल तर पुढचा प्रवास पुन्हा नावावर: नाग-घोणशीसाठी केंद्र सरकारची आगाऊ परवानगी, मण्यार-फुरशासाठी राज्य सरकारची. म्हणजे घोणशीची फाइल दिल्लीला, मण्यारीची मंत्रालयात. ती परत येईपर्यंत साप मोटारीच्या खोलीत थांबेल, याची हमी आम्ही देत नाही.

पायरी सहावी: परंपरेचा दाखला द्या

अर्ज फेटाळला गेला की होतकरू छाती काढून म्हणतो, "आमच्यात नागपंचमीला पूर्वापार..." थांबा. यात आपल्यापेक्षा थोर मंडळी अडकून पडली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी म्हणजे जिवंत नागांची मिरवणूक. घरोघर पूजा, गावभर जत्रा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नाग पकडून त्यांचं प्रदर्शन करण्याला बंदी झाली. मग वर्षानुवर्षं गावाने प्रतिमेची पूजा केली. २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २१ जणांना नाग पकडण्याची मुभा दिली. कारण काय लिहिलं होतं? पारंपरिक ज्ञानाचं शिक्षण. पूजा नाही, स्पर्धा नाही, मिरवणूक नाही. परंपरेलाही कलम १२ च्याच दारातून, शिक्षणाचा गणवेश घालून आत यावं लागलं. नागाचं नाव अनुसूची एकमध्ये, म्हणून परवानगी थेट दिल्लीहून.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले होते, हेही उदाहरण हमखास दिलं जातं. ते साप काही त्यांनी घरी माळ्यावर ठेवून दिले नाहीत. पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आणि गावचे सर्पमित्र? त्यांचं काम साप पकडून वनविभागाला कळवणं आणि योग्य जागी सोडणं. बरणीत भरून आठवडाभर पाहुण्यांना दाखवणं किंवा नागाच्या फण्याचा मुका घेताना व्हिडिओ काढणं हे त्यात येत नाही. असं करणारे सर्पमित्र कायद्याने होतकरूंच्याच रांगेत येतात; त्यांना रांग नवीन वाटते एवढंच.

पायरी सातवी: दवाखान्याचा रस्ता पाठ करा

इतक्या पायऱ्या चढूनही ज्यांनी साप आणलाच, त्यांच्यासाठी ही पायरी. इथे एक गोष्ट उलटी होते. आतापर्यंत सगळं नावावर होतं. डॉक्टर नाव विचारत बसत नाही. आपल्याकडे मिळणारं अँटीस्नेक व्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं. मोठ्याला आणि लहान मुलाला मात्रा सारखीच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. डॉक्टर पापण्या जड होताहेत का ते पाहतो. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि नळी तिरकी करतो. रक्त गोठलं नाही की घोणशी-फुरशाच्या जातीचं विष रक्तात शिरलं आहे, हे कळतं. तेव्हा चावलेला साप मारून, पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका. एक तर त्यात वेळ जातो, दुसरं म्हणजे पिशवीतून आणखी एक गुन्हा बरोबर जातो.

मण्यारीचा दंश बऱ्याचदा कळतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मुंगी चावल्यासारखं वाटतं, सकाळी पोट दुखतं, पापण्या उघडत नाहीत. भारतात सापाच्या विषाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत साधारण १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांनी साप पाळलेला नव्हता. ते वावरात होते किंवा झोपलेले होते. मांत्रिक, ब्लेडने चिरा, दोरीने करकचून बांधणं, यांत वेळ घालवू नका. हातपाय स्थिर ठेवून १०८ ला फोन लावा आणि थेट लस असलेल्या दवाखान्यात जा.

होतकरूंचे नेहमीचे प्रश्न

प्र. साप माझ्याच वावरात सापडला. सातबारा माझ्या नावावर. मग साप माझा का नाही?
उ. सातबाऱ्यावर विहीर येते, बोअर येतं, आंब्याची झाडं येतात. साप येत नाही. कायदा मोडून पकडलेला किंवा कोंडलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. तुम्ही पिंजरा आणता, त्याच क्षणी साप सरकारचा होतो आणि पिंजरा पुरावा होतो.

प्र. मी त्याची शिकार कुठे केली? नुसता पकडून ठेवला.
उ. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकारणं सगळं येतं. आणि तो ताब्यात सापडला की ताबा बेकायदा आहे असंच कलम ५७ धरून चालतं. नाही म्हणायचं तर पुरावा तुम्ही द्यायचा.

प्र. दात काढलेला नाग चालेल का? गारुड्याकडे होता.
उ. प्राण्याला इजा करणं हीही शिकारच. शिवाय काढलेल्या विषदाताच्या जागी नवा येतो. तो कधी आला, हे नाग सांगत नाही.

प्र. मांडूळ तर बिनविषारी. ते पाळू का? कोटींना जातं म्हणे.
उ. त्याला दोन तोंडं नसतात, एक तोंड आणि एक शेपूट असतं. कोटी देणारं गिऱ्हाईक हे बहुधा साध्या वेशातले पोलीस असतात, नाहीतर तुमचे ॲडव्हान्सचे पैसे घेऊन जाणारे ठग.

प्र. साप अंगावर आला म्हणून मारला, तर?
उ. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती कलम ११ प्रमाणे गुन्हा नाही. पळणाऱ्या सापाच्या मागे तीन धुरे ओलांडून धावणं याला सद्भावना म्हणता येत नाही.

पायरी आठवी आणि शेवटची: साप कायदेशीरपणे ठेवा

एवढं वाचून हौस टिकली असेल, तर कायद्यात पूर्ण बसणारी एक पद्धत आहे, आणि जालना जिल्ह्यात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. धामणीला बांधावर राहू द्या. कडब्याच्या गंजीत, वारुळात, मोसंबीच्या आळ्यात जो साप आहे त्याला तिथेच ठेवा. पिंजरा नको, पोर्टलवर नोंदणी नको, दिल्लीची परवानगी नको, दूध तर नकोच. साप ते पीत नाही. त्याचं खाद्य तुमच्या तुरीच्या पोत्यांपाशी स्वतःहून चालत येतं, आणि तो दर रात्री पोत्यांमागे पहारा देतो, पगार न घेता. तुम्ही करायचं इतकंच: घराजवळची अडगळ हलवा, अंधारात टॉर्च आणि पायात बूट वापरा, जमिनीऐवजी बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. दुसऱ्या पायरीवर शिकलेली ओळख इथेच कामाला येते: गंजीतली धामण कळली तर काठी उचलायची गरज पडत नाही, आणि घोणस कळली तर हात पुढे जात नाही.

साप घरात शिरलाच तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पलीकडून विचारतील, कोणता साप आहे? नाव आठवत नसेल तर 'साप' एवढंच सांगा. अनुसूची ते पाहून घेतील.